वापर हीच निगा

गणपतीच्या चार दिवस आधी रत्नागिरीत कुलपं उघडायला लागतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेल्या घरांच्या खिडक्या उघडल्या जातात, माळ्यावरून मखराचं सामान खाली येतं आणि त्या निमित्ताने फडताळं, ट्रंका, पेट्या पुन्हा एकदा हाताखालून जातात. त्याच आठवड्यात माझ्याकडे कॅमेरे यायला सुरुवात होते. कुणी पिशवीत घालून आणतं, कुणी जुन्या पंच्यात गुंडाळून. कातडी कव्हराला पांढरा बुरा आलेला असतो, बटण दाबलं तर हलत नाही, लेन्समधून उजेडाकडे पाहिलं तर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. आणणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : "हा चालू होईल का हो?"

बऱ्याचदा या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं असतं. ते 'हो' ज्याचं त्याला आपल्या हातांनी, आपल्या घरातल्या टेबलावर मिळवता यावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

इतकी वर्षं कॅमेरे उघडताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आणि तीच या पुस्तकाच्या मुळाशी आहे. माझ्याकडे येणाऱ्या कॅमेऱ्यांची दोन टोकं असतात. एका टोकाला स्टुडिओत राबलेला याशिका मॅट १२४ जी : शेकडो लग्नं, शाळांचे वर्गफोटो, साठी आणि पंचाहत्तरीचे समारंभ काढून कडांवरचा काळा रंग उडालेला, कातडं हाताच्या घामाने गुळगुळीत झालेलं. दुसऱ्या टोकाला कुणी आखातातून हौसेने आणलेला, दहा-बारा रोल काढून कव्हरात घालून ट्रंकेत ठेवलेला, दिसायला कोरा करकरीत पेंटॅक्स के १०००. उघडून पाहावं तर राबलेल्या कॅमेऱ्याची लेन्स स्वच्छ असते आणि जपून ठेवलेल्याची बुरशीने भरलेली. एकाच गावात, एकाच पावसात दोघांनी दिवस काढलेले असतात. फरक एवढाच की एकाला रोज उजेड आणि वारा मिळत होता, त्याच्या स्प्रिंगा रोज ताणल्या आणि सैल होत होत्या, त्याचं ग्रीस फिरतं राहत होतं, त्याची काच कुणीतरी रोज पुसत होतं. दुसऱ्याला माणसांनी प्रेमाने अंधारात कोंडून ठेवलं होतं. कोकणातल्या बंद घराचं जे होतं, तेच बंद कॅमेऱ्याचं होतं.

माझी स्वतःची सुरुवात एका चुकीने झाली, आणि ती इथे सांगणं मला भाग आहे. आमच्या घरी वडिलांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. मी बारा-तेरा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुटीत तो कपाटात सापडला. पाठीवरच्या लाल खिडकीत ७ हा आकडा दिसत होता. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मी पाठ उघडली, आतली गुंडाळी बाहेर काढली आणि फोटो दिसतील या आशेने पडवीच्या उन्हात ती हातभर उलगडली. करड्या, मऊ पट्टीवर काहीच दिसलं नाही. संध्याकाळी वडील घरी आले. त्यांनी ती पट्टी हातात घेतली, थोडा वेळ पाहिली, आणि मग मला शेजारी बसवून तो कॅमेरा कसा चालतो ते समजावून सांगितलं. सातव्या आकड्यापर्यंत काय टिपलं होतं, हे ते बोलले नाहीत. पुढचे पाच फोटो काढायचे राहून गेले होते, एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी पहिल्यांदा शटर आतून पाहिलं. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण 'उघडण्याआधी पाहा' हे आहे, त्याचं कारण हे.

कॅमेरा म्हणजे मुळात एक अंधारी खोली. तिला एक छिद्र, छिद्रावर भिंग, उजेडाच्या वाटेत क्षणभर उघडून मिटणारं दार आणि समोरच्या भिंतीवर उजेडाने बदलणारी फिल्म. जगातला सगळ्यात महागडा फिल्म कॅमेराही एवढ्याच चार गोष्टींचा बनलेला असतो. बाकीचं सगळं या चार गोष्टी नेमक्या वेळी, नेमक्या अंतरावर आणि नेमक्या प्रमाणात घडाव्यात म्हणून केलेली यंत्रणा असते. हे एकदा मनात बसलं की कॅमेऱ्याची भीती जाते. बिघाड आला तर चारच प्रश्न विचारायचे : खोली खरोखर अंधारी आहे का? भिंग स्वच्छ आणि जागेवर आहे का? दार वेळेवर उघडतं आणि मिटतं का? फिल्म नीट पुढे सरकते का?

शिकायला क्लिक थ्रीसारखा गुरू नाही. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो भारतात बनवला आणि कित्येक मराठी घरांतला तो पहिला कॅमेरा ठरला. त्याच्या लेन्समध्ये एकच भिंग. वेग एकच, सेकंदाचा साधारण तिसावा भाग. लेन्सभोवतीच्या कड्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रं, म्हणजे ज्याला आकडे कळत नाहीत त्यालाही फोटो काढता यावा. १२० नंबरच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. एकट्या भिंगाची प्रतिमा सपाट पडत नाही, ती किंचित वाटीसारखी वळते. म्हणून या कॅमेऱ्यात फिल्मच वळणदार मार्गावरून नेली आहे. भिंगाचा दोष फिल्मच्या वळणाने झाकणारी ही युक्ती पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मला एखाद्या गणिताचं सोपं उत्तर सापडल्यासारखा आनंद झाला होता. आत शटरचं एक पातं आणि एक स्प्रिंग. स्प्रिंग मरगळली असेल किंवा पात्यावर चिकट थर बसला असेल, तर कारण डोळ्यांना सरळ दिसतं. हा कॅमेरा पुन्हा चालता करायला बहुतेक वेळा एक दुपार पुरते.

यंत्र उघडून समजून घेण्याची ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सुरुवातीच्या काळातल्या जाणत्या छायाचित्रकारांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. त्या काळात काचेच्या पट्टीवर आपणच रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी धुवायची. छायाचित्रकाराला कारागीर आणि रसायनशास्त्रज्ञ दोन्ही व्हावं लागे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे व्यवसायाने छायाचित्रकार. त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्र कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले आणि घरी त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत फिल्मवर उतरवली. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधीचा तो प्रयोग खरं तर कॅमेऱ्याशी ओळख करून घेण्याचाच होता.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती कोल्हापूरची गोष्ट. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मेस्त्री घराण्यातले, नात्याने भाऊ, रंग आणि हत्यारं दोन्ही हातात खेळवणारे. चलच्चित्र कॅमेरा विकत घेणं आवाक्याबाहेर, म्हणून त्यांनी तो स्वतः घडवायचं ठरवलं. १९१६ साली काम अर्धवट असताना आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने ते पुढे नेलं आणि १९१८ साली कॅमेरा पूर्ण केला. १९२० साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. कॅमेरा बिघडल्यावर 'आता याचे पार्ट मिळत नाहीत' असं ऐकलं की मला हे दोघे भाऊ आठवतात. आपल्यापुढे निदान पूर्ण कॅमेरा तरी असतो. त्यांच्यापुढे तो कसा असावा याची कल्पनाच तेवढी होती.

आता कोकणाकडे वळतो, कारण हे पुस्तक कोकणात लिहिलं आहे आणि त्याचा बराच भाग इथल्या हवेने लिहवून घेतला आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, मीठ पाझरतं, चपलांना बुरा येतो. लेन्सवरची बुरशी हा त्याच कुळातला प्रकार. तिचे बीजकण हवेत सगळीकडे असतात. त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात : बराच काळ टिकून राहिलेला दमटपणा, अंधार आणि थोडंसं खाद्य. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की तिचं फावतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती याच्या कितीतरी वर असते. खाद्य म्हणजे काचेवरची धूळ, बोटांचा तेलकट ठसा, ग्रीसची उडालेली वाफ. ही बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते आम्ल आधी काचेवरचा लेप आणि मग काच खातं. म्हणून वेळेवर पुसलेली बुरशी निघून जाते. उशीर झाला तर बुरशी निघते, पण तिच्या मुळांची नक्षी काचेवर कायमची कोरलेली राहते.

इथे एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. कातडी कव्हर प्रवासासाठी आहे, साठवणीसाठी नाही. कातडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही घालतं. कॅमेरा कव्हरातून बाहेर काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलीने भरले असं समजावं आणि तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यावेत. हा तवा मात्र स्वयंपाकाचा नसावा. पूर्वी फोटोग्राफर मंडळी कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवत. त्या बल्बच्या उबेने कपाट कोरडं राहायचं. आताचा एलईडीचा झिरो लावून तो परिणाम मिळत नाही, कारण त्याला ऊबच नसते. आणि या सगळ्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यातही ऊन पडेल त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढणं, लेन्सला तासभर उजेड दाखवणं आणि प्रत्येक वेगावर दहा-दहा वेळा शटर उडवणं.

बुरशीखालोखाल त्रास देतो तो फोम. जपानी एसएलआरच्या पाठीच्या दाराला आणि आरशाच्या वरच्या कडेला काळ्या फोमच्या पट्ट्या असतात. पंधरा-वीस वर्षांत त्या फोमचा डांबरासारखा चिकट लगदा होतो. उजेड आत शिरतो, फोटोवर तांबूस पट्टे येतात, कधी आरसा वरच चिकटून बसतो. हा लगदा काढायला मी खराट्याचा हीर वापरतो. त्याचं टोक तिरकं कापलं की ते खाचेत नेमकं जातं आणि धातूला ओरखडा पडत नाही. हिराला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावायचं, लगदा सैल होऊ द्यायचा आणि मग अलगद खरवडायचा. खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला तर तो नव्या फोमइतकाच उजेड अडवतो. नारळाच्या झावळीचा हीर आणि विणकामातली उरलेली लोकर एवढ्यावर एखादा जपानी कॅमेरा पुन्हा अंधारा होतो, याचं मला आजही समाधान वाटतं.

तिसरा बिघाड माणसांनी केलेला असतो, आणि तो म्हणजे तेल. शटर अडलं की घरातलं शिलाई मशीनचं तेल हाताशी असतं. दोन थेंब सोडले की शटर उडतंही. आठवड्याने ते तेल पसरून शटरच्या पाकळ्यांवर येतं, पाकळ्या एकमेकींना चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि आधी हळू चालणारं शटर आता अजिबात चालत नाही. लेन्समधलं शटर कोरडं चालण्यासाठीच केलेलं असतं. त्याला तेल घालायचं नाही. लायटरमध्ये भरतात ते फ्लुइड कापसाच्या बारीक बोळ्याने लावून जुनं तेल आणि ग्रीस धुऊन काढायचं, वाळू द्यायचं, पुन्हा धुवायचं. सेकंदाच्या वेगावर शटर रेंगाळत असेल तर आतलं दातेरी चक्रांचं गाडगं मळलेलं आहे असं समजावं. त्यालाही हेच औषध. हे काम करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि देवघरातली समईसुद्धा विझलेली असावी.

चौथी अडचण बॅटरीची. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या बाजारातून गेल्या. तिच्या जागी १.५ व्होल्टची साधी बॅटरी घातली तर मापक चुकीचा आकडा दाखवतो. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते. ती आकाराने जरा लहान असते, म्हणून तिच्याभोवती रबरी वायसर बसवावा लागतो, आणि एकदा चिकटपट्टी काढली की काही आठवड्यांत संपते. पण तेवढ्यात दोन-तीन रोल आरामात निघतात. झेनिट-ई सारख्या कॅमेऱ्यात बॅटरीच नसते. सेलेनियमची पट्टी उजेडावरच वीज तयार करते. ती पट्टी मेली तर घरी जिवंत होत नाही, पण कॅमेरा तिच्यावाचूनही चालतो. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ वर आणि वेग फिल्मच्या संवेदनक्षमतेच्या जवळचा ठेवायचा, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५. किनाऱ्यावरच्या पांढुरक्या वाळूत एक पायरी कमी उजेड द्यायचा, मळभ असेल तर दोन-तीन पायऱ्या जास्त. मापक बंद पडलेला कॅमेरा माणसाला आकाशाकडे बघायला शिकवतो.

हत्यारांबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, तरी दोन शब्द इथे. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू दिसायला साध्या फुलीसारखे असले तरी त्यांचा खड्डा वेगळ्या मापाचा असतो. त्याला जेआयएस मापाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. बाजारातला नेहमीचा लावला की तो खड्ड्यातून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं. घड्याळजीचा चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, रबरी फुगा, पांढरी थाळी आणि थाळीखाली पसरलेला पांढरा टॉवेल एवढ्यावर पुष्कळ काम होतं. टॉवेल यासाठी की उडालेली स्प्रिंग त्यावर पडली तर उसळत नाही. आणि एक हत्यार आमच्या लहानपणी नव्हतं, ते आता प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पुन्हा जोडताना तेच तुमचं नकाशापुस्तक.

मोबाइलचा आणखी एक उपयोग आहे. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटी टिपणारं स्लो मोशन असतं. कॅमेऱ्याची पाठ उघडून, लेन्सपलीकडे उजेड धरून शटर उडवायचं आणि तो उजेड किती चौकटींत दिसतो ते मोजायचं. १/१५ वेगाला सोळा चौकटी, १/३० ला आठ, १/६० ला चार. सोळाच्या जागी तीस मिळाल्या तर शटर रेंगाळतंय. १/१२५ च्या पुढे चौकटी दोनही भरत नाहीत, तिथे या मोजणीवर भिस्त ठेवू नये. पूर्वी ज्यासाठी कारखान्यातलं यंत्र लागायचं, त्यातलं निम्मं काम आता जेवणाच्या टेबलावर होतं.

भिंग पुन्हा बसवताना सगळ्यात जास्त चुका होतात. फोकस फिरवणारे आटे एकाच जागी नव्हे, अनेक जागी धरतात. पाच-सहा ठिकाणी ते सारख्याच सहजतेने आत शिरतात, पण बरोबर जागा एकच असते. म्हणून आटे सुटायच्या क्षणी पेन्सिलीने खूण करावी. खूण विसरलात तरी उपाय आहे, आणि त्यासाठी रत्नागिरीसारखं गाव नाही. फिल्मच्या जागी दुधी चिकटपट्टी ताणून लावा, शटर उघडं ठेवा, लेन्स अनंतावर आणा आणि मांडवीच्या धक्क्यावर जाऊन कॅमेरा समुद्राकडे धरा. उभ्या माणसाच्या डोळ्यांना समुद्राचं क्षितिज साधारण पाच किलोमीटरवर असतं. कॅमेऱ्याच्या लेखी ते अनंतच. दुधी पट्टीवर समुद्र वर आणि आभाळ खाली असं उलटं चित्र पडतं. दोन्हींच्या मधली रेघ भिंगातून पाहताना धारदार दिसली की लेन्स जागेवर बसली. किती वेळा हे केलं असेल, पण ती रेघ धूसरातून हळूहळू स्पष्ट होते तो क्षण मला अजून तितकाच आवडतो.

काही गोष्टी घरी करू नयेत, त्याही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. याशिका एमएफ-२ सुपरसारख्या, आतच फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यांमध्ये एक कपॅसिटर असतो. बॅटरी काढून ठेवली तरी त्यात सुमारे ३०० व्होल्टचा दाब बराच काळ साठून राहू शकतो. त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो, म्हणून असे कॅमेरे या पुस्तकात उघडलेले नाहीत. चिकटवलेली जोडभिंगं रसायनात भिजवू नयेत. मधला डिंक सुटला की कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसू लागतात आणि ते काम घरचं राहत नाही. बुरशी काढायला पुस्तकात अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण सुचवलं आहे. ते मोकळ्या हवेतच वापरावं आणि कपडे धुण्याच्या ब्लीचशी कधीही एकत्र करू नये. आणि ज्या कॅमेऱ्याशी घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण गुंतलेली आहे, त्याच्यावर काम शिकू नये. आधी एखादा बिनमोलाचा, भंगारातून आणलेला कॅमेरा घ्यावा, तो तीन वेळा उघडून तीन वेळा जोडावा आणि मगच घरच्या कॅमेऱ्याला हात लावावा.

फिल्म मिळते का, असं पुष्कळ जण विचारतात. क्लिक थ्रीचा १२० चा रोल कोडॅकने १९०१ साली बाजारात आणला आणि तो आजही बनतो. एका शतकाहून जुनं माप अजून चालू असलेली यंत्रं फार थोडी. ऊटीला १९६० साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल आता इतिहासजमा झाले, बाहेरच्या देशांतून येणारा रोल महाग पडतो, हे खरं आहे. पण महाग रोलची एक देणगी आहे. बाराच फोटो आहेत म्हटल्यावर माणूस बटण दाबण्याआधी थांबतो. सावली कुठे पडलीये, समोरच्या माणसाच्या मनात काय आहे, हे बघतो. कॅमेरा दुरुस्त करताना जी नजर तयार होते, तीच नजर मग फोटोत उतरते.

भाषेबद्दल थोडं. या पुस्तकात शटरच्या पाकळ्या, आटे, वायसर, गाडगं, पडदा असे शब्द आहेत. ते मी घडवलेले नाहीत. घड्याळजी, शिलाई मशीनवाले आणि सायकलच्या दुकानातले मेस्त्री जे बोलतात तेच घेतले आहेत, कारण या सगळ्यांच्या हातांत तीच विद्या आहे. इथल्या बाजारातल्या एका वृद्ध घड्याळजींनी मला चिमटा धरायला आणि स्प्रिंग बसवताना श्वास रोखायला शिकवलं. त्यांच्या इच्छेनुसार नाव छापत नाही. या पुस्तकातल्या प्रत्येक बारीक कामावर मात्र त्यांच्या हाताचा ठसा आहे.

पुस्तक क्रमाने वाचावं. पाहणं, पुसणं, अंधारं करणं, शटर, फोकस आणि तपासणी अशी मुख्य प्रकरणं आहेत. शेवटच्या प्रकरणात दुरुस्ती नाही. त्यात फक्त रोल कसा भरायचा ते आहे, कारण माझ्या मते कॅमेरा त्या क्षणी दुरुस्त होतो. चालू होऊन पुन्हा ट्रंकेत गेलेला कॅमेरा पुढच्या दोन पावसाळ्यांत परत माझ्या टेबलावर येतो.

म्हणून मी एक पद्धत ठेवली आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक क्लिक थ्रीत मी स्वतः रोल भरतो आणि तपासणीसाठी फोटो काढतो : मांडवीचा धक्का, भगवती बंदर, मिरकरवाड्यातल्या होड्या, बाजारातली सकाळ. अकरा फोटो झाले की थांबतो. कॅमेरा तसाच, आत रोल ठेवून, घरच्या माणसाच्या हातात देतो आणि लाल खिडकी दाखवतो. तिथे १२ हा आकडा असतो. तो फोटो त्यांनी काढायचा.

रत्नागिरी, नारळी पौर्णिमा